सुखप्रसव म्हणजे काय? : प्रसूतीचा अनुभव आणि आपले कर्तव्य

प्रसूती पार पडली, की घरची मंडळी, शेजारीपाजारी आणि आपण वैद्यमंडळीही प्रायः दोनच प्रश्न विचारतो : मुलगा की मुलगी, आणि नॉर्मल की सिझेरियन? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, तो म्हणजे त्या स्त्रीस ही प्रसूती कशी गेली. त्या काही तासांत तिला धीर मिळाला की दटावणी, तिला समजावून सांगितले गेले की नुसते आदेश दिले गेले, आपण हे पार पाडले असे तिला वाटले की आपल्यावर काहीतरी लादले गेले, याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. परंतु ती स्त्री हे तास जन्मभर विसरत नाही. तिचे स्तन्य, तिची झोप, बाळाशी जडणारा तिचा स्नेह आणि पुढील गर्भधारणेविषयीची तिची वृत्ती या सर्वांवर त्या अनुभवाची छाया पडते.

आज बहुतेक प्रसूती रुग्णालयात होतात आणि ते योग्यच आहे. मग त्या प्रसंगाशी आपला, म्हणजे आयुर्वेदीय चिकित्सकाचा आणि औषधालय चालविणाऱ्याचा, संबंध तो काय, असा प्रश्न सहज पडेल. आमच्या मते तो फार निकटचा आहे. प्रसूतिगृहात स्त्री काही तास असते. तत्पूर्वीचे नऊ महिने आणि तदनंतरचा दीड महिना ती वा तिची सासू, आई आपल्या पायरीवर येत असते. त्या काळात आपण काय बोलतो, काय देतो आणि काय देण्याचे नाकारतो, यावर तिची मनोभूमिका बरीचशी घडते. प्रस्तुत लेखात याच विषयाचा विचार करावयाचा आहे.

परिसर आणि पूर्वपीठिका

आमचे चिकित्सालय कॉटन ग्रीन परिसरात आहे. कापसाच्या बाजाराने या भागास नाव दिले. एका अंगास गोदी, दुसऱ्या अंगास काळाचौकी, लालबाग, परळ येथील गिरण्या, अशा श्रमिकांच्या वस्तीत सुईणपणाचा प्रश्न पूर्वीपासून तीव्र होता. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री कामगारांच्या बाळंतपणाविषयी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी केलेल्या चौकशीचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. १९२६ साली परळ येथे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, ते मुख्यतः याच कष्टकरी स्त्रियांसाठी. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशव्यापी प्रसूतिलाभ कायदा आला व २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली.

त्या पिढ्यांपुढील प्रश्न बाळ-बाळंतीण जगतील कशी, हा होता. तो पुष्कळ अंशी सुटत आला आहे. २०१८–२० या कालखंडाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. हे यश रुग्णालयातील प्रसूती, रक्तपेढ्या व शस्त्रक्रियेची सोय यांमुळे मिळालेले आहे, हे आयुर्वेदीयांनीही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जीव वाचला, आता तो अनुभवही सुखाचा व्हावा, ही पुढील पायरी होय.

शास्त्र काय सांगते

या विषयात आपल्या संहिता किती सूक्ष्म आहेत, हे पुन्हा एकदा वाचून पाहण्याजोगे आहे. येथे एका मराठी स्त्रीचे स्मरण करणे उचित ठरेल. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी प्रसूत होऊन दहा दिवसांत बाळ गमावलेल्या या स्त्रीने तो विषय निवडावा, यातच त्याचे महत्त्व आले.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या, जातिसूत्रीय अध्यायात सूतिकागाराचे वर्णन आहे. नववा महिना लागण्यापूर्वी ते सिद्ध करावे आणि नवव्या महिन्यात शुभ दिवशी गर्भिणीने त्यात प्रवेश करावा, असा विधी आहे. यातील शुभाशुभाचा भाग बाजूस ठेवला, तरी एक व्यावहारिक तत्त्व उरते : ज्या जागी प्रसूत व्हावयाचे, ती जागा व तेथील माणसे वेणा सुरू होण्यापूर्वीच परिचयाची झालेली असावीत. अनोळखी खोली, अनोळखी चेहरे आणि त्यात वेणा, असा तिहेरी भार तिच्यावर एकाच वेळी पडू नये.

परिचारिकांची लक्षणे सांगताना चरकाचार्यांनी कौशल्याइतकेच स्वभावास महत्त्व दिले आहे. त्या स्वतः अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील, विषाद न करणाऱ्या आणि क्लेश सहन करणाऱ्या असाव्यात. सुश्रुताचार्य चार स्त्रियांचा उल्लेख करतात. त्या परिपक्व वयाच्या, प्रसवकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात असे सांगतात. नखांचा हा उल्लेख शुचितेचा विचार किती जुना आहे, हे दाखवितो. आसन्नप्रसवेस अभ्यंग, उष्णोदकस्नान व पोटभर यवागू द्यावी, असेही त्यांनी म्हटले आहे. म्हणजे वेणांच्या काळात तिला उपाशी, थकलेली ठेवण्याचा त्यांचा हेतू नव्हता.

यापुढील चर्चा विशेष लक्षणीय आहे. प्रसूतीस विलंब होत असल्यास स्त्रीकडून मुसळाने धान्य कांडून घ्यावे, असे एक मत त्या काळी प्रचलित होते. आत्रेयांनी ते स्पष्टपणे अमान्य केले. त्या वेळी शरीरातील सर्व धातु व दोष चलित झालेले असतात. अशा सुकुमार अवस्थेत दारुण श्रमाने वायू प्रकुपित होऊन प्राणास अपाय होईल, असे त्यांचे कारण आहे. त्याऐवजी जांभई देणे आणि हळूहळू फिरणे यांस त्यांनी संमती दिली. वेणा नसता कुंथू नये, ते व्यर्थ तर जातेच, पण माता व बालक दोघांसही अपायकारक होते. वेणेबरोबर प्रथम सौम्य व नंतर क्रमाने अधिक बळ लावावे, हाही उपदेश तेथेच आहे. ती बळ लावीत असता भोवतालच्या स्त्रियांनी तिला धन्यतेचे शब्द ऐकवावेत, कारण त्या हर्षाने तिचे प्राण उल्हसित होतात, असेही आचार्य सांगतात. धीर देणे हे येथे सौजन्य म्हणून आलेले नाही, प्रसवकर्माचा भाग म्हणून आलेले आहे.

आधुनिक संशोधन कोठे पोहोचले

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकालीन परिचर्येविषयी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या शीर्षकातच प्रसूतीचा सुखद अनुभव हे ध्येय म्हणून घातले आहे. सन्मानपूर्वक वागणूक, समजेल अशा भाषेत संवाद, स्त्रीने निवडलेली सोबतीण, कमी जोखमीच्या स्त्रीस वेणांच्या काळात पेय व अन्न, फिरण्याची व उभे-बसते राहण्याची मुभा, आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या संवेदनेनुसार जोर लावू देणे, या त्यांतील काही शिफारशी होत. सरसकट मुंडण, एनिमा व छेद यांस त्यांत संमती नाही. गर्भाशयमुख दर तासास एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा सर्वांस लावला जाणारा दंडकही त्यांनी शिथिल केला.

अखंड सोबतीविषयी कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या समीक्षेत १७ देशांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश आहे. ज्यांना सतत सोबत मिळाली, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूती अधिक व सिझेरियन कमी झाले, वेणांचा काळ काहीसा घटला आणि प्रसूतीविषयी कटू भावना कमी आढळली. याच संस्थेच्या २०१३ च्या दुसऱ्या समीक्षेनुसार पहिल्या टप्प्यात उभे राहणाऱ्या, फिरणाऱ्या स्त्रियांचा तो टप्पा पडून राहणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १ तास २२ मिनिटांनी लवकर संपला. चंक्रमणाविषयी आत्रेयांचे मत आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. आधुनिक संशोधन आपल्या ग्रंथाशी जुळले, म्हणून ग्रंथातील प्रत्येक विधी आज जसाच्या तसा करावा, असे ठरत नाही. अपरा न पडल्यास संहितेत जे उपाय आहेत, ते आज घरी करीत बसणे म्हणजे रक्तस्रावाने स्त्री गमावणे होय. तत्त्व घ्यावे, उपाय काळानुसार निवडावा.

आपल्या देशातही शासकीय रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतिणीस मुभा देण्याच्या सूचना केंद्र शासनाने २०१६ साली दिल्या आणि प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी २०१७ च्या अखेरीस ‘लक्ष्य’ हा उपक्रम सुरू केला. पुष्कळ कुटुंबांना ही गोष्ट ठाऊकच नसते. ती त्यांना सांगणे, हे आपले पहिले आणि बिनखर्चाचे काम आहे.

सुखद म्हणजे नॉर्मल नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सुखप्रसव म्हणजे नैसर्गिक प्रसूती, हे समीकरण आपल्या व्यवसायात फार घट्ट बसलेले आहे. ते अपुरे आहे, एवढेच नव्हे तर पुष्कळदा घातक आहे, असे आमचे मत झाले आहे. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवांतून तीन उदाहरणे देतो.

पहिली, काळाचौकीच्या चाळीतील प्रथमगर्भा. शेजारणींच्या गोष्टी ऐकून ती इतकी धास्तावली होती, की सातव्या महिन्यापासून तिची झोप उडाली होती. तिला वेणांचा क्रम चित्र काढून समजावला, दीर्घ श्वसन शिकविले आणि जेथे नाव घातले होते तो कक्ष आधी पाहून येण्यास सांगितले. प्रसूतीच्या वेळी सासू सोबत राहिली, कमर चोळीत राहिली. बारा-तेरा तास लागले. “दुखलं खूप, पण मला कोणी एकटं सोडलं नाही,” एवढेच ती नंतर म्हणाली.

दुसरीस वेणा सुरू असता बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावल्याने तातडीचे सिझेरियन करावे लागले. तेथील डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत कारण सांगितले, तिची संमती घेतली, आणि जन्मताच बाळाचा गाल तिच्या गालास लावला. “ऑपरेशन झालं, पण मला विचारून झालं,” हे तिचे शब्द. दीड महिन्यानंतर भेटली तेव्हा ती समाधानी होती.

तिसरीची प्रसूती चार तासांत, पूर्णतः नैसर्गिक झाली. घरात पेढे वाटले गेले. परंतु सहाव्या आठवड्यात आमच्यासमोर बसून ती रडली. ओरडली म्हणून तिला टाकून बोलले होते, न सांगता छेद घेतला होता, आणि टाके घालताना काय चालले आहे हे कोणी सांगितले नव्हते. दुसरे मूल नको, असे तिने ठरवून टाकले होते.

कागदोपत्री तिसरी प्रसूती सर्वांत उत्तम. प्रत्यक्षात सुखप्रसव पहिल्या दोघींचा झाला. अनुभव सुखाचा होतो तो सोबत, संवाद, सन्मान आणि निर्णयातील वाटा या चार गोष्टींमुळे. प्रसूतीचा मार्ग कोणता, ही बाब त्यानंतर येते. रुग्णालयातील अनादराच्या वागणुकीविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली स्वतंत्र निवेदन काढले, ते याच कारणाने.

अनावश्यक सिझेरियनचा प्रश्न खरा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २१.५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. परंतु त्याचे उत्तर ‘आमच्याकडे या, नॉर्मल करून देतो’ ही जाहिरात नव्हे. अशी हमी देणारा वैद्य शास्त्राशी प्रतारणा करतो, आणि पुढे शस्त्रक्रिया झालीच तर त्या स्त्रीच्या पदरी अकारण अपयशाची भावना टाकतो. ‘काढा नीट घेतला नसेल’, ‘कामाची सवय नाही आजकालच्या मुलींना’ ही वाक्ये आपल्या तोंडून वा आपल्या गल्ल्यावरून कधीही निघता कामा नयेत.

चिकित्सकाने काय करावे

१) सातव्या महिन्यापासून प्रत्येक भेटीत दहा मिनिटे केवळ संभाषणासाठी ठेवावीत. कशाची भीती वाटते, हे तिलाच विचारावे. गर्भधारणेस साहाय्यक भावांत चरकाचार्यांनी सौमनस्यास अग्रस्थान दिले आहे; ते पुडीत बांधून देता येत नाही.

२) एका कागदावर मराठीत तिच्या इच्छा लिहून घ्याव्यात : सोबत कोण, फिरण्याची इच्छा, वेदनाशमनाविषयी मत, जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान. हा कागद प्रसूतितज्ज्ञांस आधीच दाखवावा. तो विनंतीचा कागद आहे, अटींचा नव्हे, हेही तिला समजावावे. वेदनाशामक इंजेक्शन घेणे म्हणजे हार नव्हे.

३) सोबतिणीस स्वतंत्र बोलावून शिकवावे. कमर चोळणे, घोट-घोट पाणी देणे, श्वासाची आठवण करणे, आणि घाबरवणाऱ्या गोष्टी न सांगणे, एवढे पुरे आहे.

४) नवव्या महिन्यातील अनुवासन व पिचुधारण हे प्रशिक्षित हातांनी, प्रसूतितज्ज्ञांच्या माहितीनेच करावे. रक्तस्राव, पाणी जाणे, वार खाली असणे वा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा संभव असल्यास ते वर्ज्य समजावे. प्रसूतिकक्षातील एनिमा आणि अनुवासन यांची गल्लत करू नये.

५) व्यवहाराचे नियोजन करवून घ्यावे. आपल्या भागात भाद्रपदातील दिवस भरत असतील, तर गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते बंद वा तुडुंब असतात. पर्यायी मार्ग आधी ठरवावा. रविवारी हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असू शकतो. १०८ क्रमांक घरातील सर्वांस पाठ असावा. पहिलटकरीण माहेरी कोकणात जाणार असेल, तर तेथील रुग्णालयात आधीच नाव घालून सर्व तपासण्यांची फाइल सोबत द्यावी, आणि प्रवास शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नये.

६) प्रसूतीनंतर पहिल्याच भेटीत तो तिसरा प्रश्न विचारावा : कशी गेली? आणि उत्तर पूर्ण ऐकावे.

औषधालयाच्या गल्ल्यावर

औषधविक्रेते बंधुभगिनींची भूमिका येथे मोठी आहे, कारण पुष्कळ घरे वैद्याकडे न येता थेट गल्ल्यावर येतात. ‘लवकर सुटका व्हावी म्हणून काहीतरी द्या’ ही मागणी नित्याची आहे. अशा वेळी एरंडेल अथवा अन्य कोणतेही रेचक, तीक्ष्ण द्रव्य देऊ नये. दिवस वर गेले असल्यास रुग्णालयात पाठवावे. बाळंतकाढे क्रमांकानुसार प्रसूतीनंतरचे आहेत. ते गरोदरपणीच सुरू करण्याची चूक काही घरांत होते, तेव्हा विकताना तसे आवर्जून सांगावे. दशमूलारिष्ट, सौभाग्यशुंठी, शतावरी कल्प हे सर्वांस सरसकट नव्हेत. मधुमेह असलेल्या सूतिकेस साखरेचे पाक व कल्प, रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्या सूतिकेस कोणतेही नवे औषध, वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नये. गर्भिणीस रसौषधी चिठ्ठीशिवाय देण्याचा विषयच नाही.

सिझेरियन झालेल्या स्त्रीस ‘तुम्हांला हे चालणार नाही’ असे म्हणून परत पाठविण्याऐवजी तिलाही सूतिकापरिचर्या हवी आहे, हे ओळखावे. जखम भरेपर्यंत उदराचा अभ्यंग व पट्टबंधन टाळून हातापायांचा, पाठीचा अभ्यंग, लघु आहार, विश्रांती हे सर्व तिलाही लागू आहे. बंद खोलीत ओवा-शेपांची दाट धुरी मात्र बाळाच्या श्वासास बाधक होते. तेथे संयमाचा सल्ला द्यावा. भ्रामक दाव्यांच्या औषधी जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. नॉर्मल प्रसूतीची हमी देणारी पत्रके आपल्या दुकानात लावू नयेत, ही विनंती.

मर्यादा ओळखणे

योनिगत रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, पाणी जाणे, ज्वर, आणि प्रसूतीनंतर अतिरिक्त वा दुर्गंधी स्राव, यांपैकी काहीही आढळल्यास औषधयोजनेत क्षणही न दवडता रुग्णालयात पाठवावे. सूतिकाकाल आपल्या ग्रंथांनी दीड महिन्याचा मानला आहे. त्या काळात दोन आठवड्यांहून अधिक उदासी, बाळाविषयी अनास्था वा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. हे वातप्रकोपाचे म्हणून घरगुती उपायांवर सोडून देण्याचे विकार नव्हेत.

शंभर वर्षांपूर्वी या गिरणगावात बाळंतिणीस विश्रांती मिळावी म्हणून कायदा करावा लागला. आज तिला सन्मान मिळावा म्हणून कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रसूतितज्ज्ञ, परिचारिका, वैद्य आणि औषधविक्रेता यांनी आपापल्या जागी ठरविले, तर ते होऊ शकते. आपल्या विभागातील प्रत्येक सभासदाने जवळच्या एका प्रसूतिगृहाशी संपर्क साधून तेथे सोबतिणीस मुभा आहे किंवा कसे याची माहिती घ्यावी आणि ती आपल्या चिकित्सालयात, औषधालयात दर्शनी लावावी. आरंभ म्हणून एवढे केले, तरी त्याचा लाभ पुढच्याच आठवड्यात वेणा येणाऱ्या एखाद्या स्त्रीस होईल.